फुकटचा धबधबा आणि शेजारचा गल्ला : सिंगापूरच्या चार रात्री

पतपेढीत सत्तावीस वर्षं कॅशिअरच्या खिडकीत काढली की एक खोड लागते. दिवस संपला की गल्ला आणि कीर्द जुळल्याशिवाय झोप येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही तिघं, म्हणजे मी, आमचे हे आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई, चार रात्री सिंगापूरला जाऊन आलो. तिथेही रोज रात्री हॉटेलच्या पलंगावर मांडी घालून मी वही उघडत होते. हे परीक्षण त्या वहीतून लिहिते आहे. फोटो बघायचे असतील तर ते सगळीकडे आहेत. पैसे कुठे गेले आणि ते आमच्या खिशातून इतक्या प्रेमाने कसे काढून घेतले गेले, ते मला सांगायचं आहे.

विमान आणि हॉटेल सोडून तिथल्या तिथे झालेला खर्च असा: तिकिटं ३१२ डॉलर, खाणं १९८, ट्रेन-बस ६४ आणि ‘इतर’ ४८७. डॉलर अर्थातच सिंगापूरचे, तेव्हा साधारण साडेचौसष्ट रुपयांना एक. ‘इतर’चा आकडा बघून यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. जे बघायला गेलो त्याची तिकिटं ३१२ आणि जे ठरवलंच नव्हतं ते ४८७! पतपेढीत अशी कीर्द घेऊन कोणी आलं असतं तर मी व्हाउचर मागितली असती. इथे व्हाउचर माझीच होती.

खरं तर यांना थायलंड हवं होतं. तिकडे तेव्हा आपल्याला व्हिसाची गरज नव्हती. सिंगापूरला लागतो, तोही एजंटामार्फत काढायचा. सरकारी फी ३० डॉलर, वर एजंटाचं काय ते. सिंगापूर निवडलं गेलं ते आईंच्या गुडघ्यामुळे. ज्याला त्याला मी एकच प्रश्न विचारत होते, ‘तिथे लिफ्ट आणि स्वच्छतागृह किती अंतरावर असतं?’ टूरवाल्यांनी पंचतारांकित नाश्ता आणि ‘फोटो स्टॉप’चे कागद पाठवले. एका कंपनीच्या कागदावर चार दिवसांत एकोणीस ठिकाणं होती, आणि त्यातली निम्मी ‘ऐच्छिक, जादा शुल्क’. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र शेजारच्या निवृत्त शिक्षिकेने दिलं: ‘काही काळजी करू नका, पावलापावलावर आहे.’ त्या एका वाक्यावर आम्ही तीन तिकिटं काढली. माणसं परदेशी कशाने ओढली जातात, याचं आमच्यापुरतं उत्तर हेच. मोठ्या पोस्टरवर धबधबा असतो, पण घरात बैठक बसते तेव्हा मत पडतं ते संडासाला.

आता धबधबा. रात्रीच्या विमानाने सकाळी चांगीला उतरलो. हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळणार होती. विमानतळालाच लागून ‘ज्युएल’ नावाचा काचेचा घुमट आहे, २०१९ मध्ये उघडलेला. पहिल्या टर्मिनलसमोर गाड्या उभ्या करायची मोकळी जागा होती, तिथे तो बांधला. वास्तुरचनाकार मोशे साफदी, मरिना बे सँड्सची ती तीन बुरुजांवर जहाज ठेवल्यासारखी इमारत ज्यांनी आखली तेच. आत ४० मीटर उंचीवरून पाणी पडतं, इमारतीच्या आत इतका उंच धबधबा जगात दुसरीकडे नाही, आणि भोवती चढणीवर झाडं. बघायला एक पैसा लागत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा तो बंद होता! वर नुसतं गोल भोक, खाली ओला हौद. सकाळी जरा उशिरा सुरू करतात. मग तोवर काय करायचं? बॅगा ओढत किती फिरणार, म्हणून त्या ठेवायला दिल्या. तीन बॅगांचे चाळीसच्या घरात डॉलर गेले. वहीतली ही पहिली नोंद, आणि ती ‘इतर’मध्ये. मग आईंना चहा हवा झाला. मग यांना भूक लागली. मग मला आठवलं की छत्री घरीच राहिली. भोवती दुकानं आणि खाण्याच्या जागा मिळून २८० च्या वर आहेत, त्यामुळे छत्री शोधायला तीन मिनिटं पुरली. धबधबा सुरू झाला तेव्हा आम्ही त्याच्या समोर हातात तीन पिशव्या घेऊन उभे होतो.

पण तो सुरू झाला तो क्षण मी विसरणार नाही. आधी एक बारीक धार, मग दुसरी, मग सगळ्या कडांनी एकदम पाणी. आवाज उशिरा आला. आईंनी नकळत हात जोडले. शेजारी एक हमालासारखा दिसणारा तरुण कठड्याला टेकून डबा खात होता, त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. तिथल्या लोकांना हे रोजचं. ज्युएल विमानतळाच्या बाहेरच्या अंगाला आहे, त्यामुळे विमानाचं तिकीट नसलेले गावकरीही रविवारी पोरांना घेऊन येतात. मला हे आवडलं. जत्रेत पाहुणेच पाहुणे असले की ती जत्रा वाटत नाही.

ही खुबी पुढे चारही दिवस दिसत राहिली. बघायचं ते फुकट, किंवा जवळजवळ फुकट. आणि बघून पाय दुखले की जिथे टेकावंसं वाटतं, ती जागा गल्ल्याशेजारी.

मर्लायनचंच घ्या. सिंहाचं तोंड, माशाचं धड, तोंडातून पाणी. मी समजत होते काहीतरी प्राचीन दैवत असेल. तसं काही नाही. १९६४ मध्ये तिथल्या पर्यटन मंडळाने स्वतःसाठी काढलेलं बोधचिन्ह ते, आणि साडेआठ मीटरचा पुतळा उभा राहिला १९७२ मध्ये. १९९७ मध्ये समोर पूल झाला, पुतळा झाकला जाऊ लागला, म्हणून २००२ मध्ये सत्तर टनांचा तो सिंह उचलून नव्या जागी आणला. फोटो नीट यावा म्हणून देव हलवणारी माणसं ही! ‘सिंहपूर’ हे नाव मात्र जुनं आणि आपल्या ओळखीचं, ते ऐकून आई खूश. तिथे तिकीट नाही. ऊन असं की पंधरा मिनिटांत घसा कोरडा, आणि हाताच्या अंतरावर थंड पेय. बाटली नळावर भरा, तिथलं नळाचं पाणी बिनघोर पिता येतं. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर पाण्यावर गेलेले डॉलर सांगत नाही, हे वाचताहेत.

संध्याकाळी ‘गार्डन्स बाय द बे’. समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवरची बाग, २०१२ ची. लोखंडी सांगाड्याची मोठाली ‘झाडं’, काही पन्नास मीटर उंच, त्यांवर खऱ्या वेली चढवलेल्या. पावणेआठला आणि पावणेनऊला दिवे आणि संगीताचा खेळ असतो, तोही फुकट. लोक सरळ फरशीवर आडवे पडून बघतात. आईंना आडवं पडायचा संकोच वाटत होता. मग एक कोरियन आजी पदर नसताना पदर सावरल्यासारखं करून पडल्या आणि आईंना हाताने ‘या, या’ केलं. दोघी शेजारी पडून राहिल्या. एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. त्या पंधरा मिनिटांसाठी मी तिकीट काढलं असतं, खुशीने.

त्याच बागेत काचेचे दोन थंडगार घुमट आहेत, तिथे तिकीट आहे, आणि परदेशी पाहुण्याचा दर स्थानिकापेक्षा जास्त. यांची थोडी कुरबुर झाली. मी म्हटलं, अहो, ताजमहालला आपण काय करतो? मग गप्प बसले. ढगांचं जंगल असलेला घुमट घ्या, फुलांचा वेळ उरला तर. खेळ संपल्यावर बागेतून निघणारी गर्दी पुलावरून मरिना बे सँड्सकडे वाहते आणि मेट्रो स्टेशन शोधत शोधत मॉलमध्ये शिरते. बाहेर घामाने चिकट झालेलं अंग, आत एसी. आईंना खुर्ची हवी, खुर्ची कॉफीच्या दुकानात, कॉफी सात डॉलरची. सात डॉलर कॉफीचे नव्हतेच, खुर्चीचं भाडं होतं. ‘इतर’मध्ये अशा खुर्च्या मी मोजल्या. चार दिवसांत अकरा.

खाण्याला मात्र मनापासून दाद. हॉकर सेंटर म्हणजे छपराखाली शेकडो स्टॉल, पाच-सहा डॉलरला पोटभर ताट. २०२० मध्ये या संस्कृतीला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आम्ही शाकाहारी, त्यामुळे लिटल इंडियातलं टेक्का सेंटर बरं पडलं. डोसा, इडियप्पम, आणि दोन कपांत उंचावरून ओढलेला दुधाळ चहा. तिथे टेबल अडवायचं तर त्यावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवतात. पाकीट दिसलं की कोणी बसत नाही. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तेच, फक्त भांडण नाही. जेवण झालं की ताट स्वतः नेऊन ठेवायचं, २०२१ पासून नियमच आहे. आम्ही उठलो तेव्हा एक सफाई करणाऱ्या बाई आल्या, पांढरे केस, आईंच्याच वयाच्या. त्यांनी आईंच्या हातचं ताट हसून घेतलं. आई त्यानंतर बराच वेळ बोलल्या नाहीत. रात्री म्हणाल्या, ‘इतकं श्रीमंत गाव, आणि ती बाई या वयात ताटं उचलते.’ स्वच्छतेचं कौतुक करताना हे मी वहीत कुठल्या रकान्यात लिहू, कळलं नाही.

जुगाराची गंमत सांगायलाच हवी. या देशाने २००५ मध्ये कॅसिनोला परवानगी द्यायचं ठरवलं, बराच वाद झाला, आणि २०१० मध्ये दोन उघडले. आम्ही पासपोर्ट दाखवला, आत गेलो, फुकट. शेजारच्या दारातून स्थानिक माणसाला जायचं तर चोवीस तासांचे १५० डॉलर सरकारला द्यावे लागतात. आधी शंभर होते, २०१९ मध्ये वाढवले. म्हणजे घरच्यांना ‘नको रे बाबा त्या नादाला’ आणि पाहुण्यांना ‘या, बसा, चहा घेणार?’ चहा खरंच फुकट होता. यांना मी वीस डॉलर मोजून दिले. बारा मिनिटांत गेले. पंधरा हजारांच्या कर्जासाठी लोकांच्या सह्या तपासण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे त्या यंत्रांचा आवाज मला सहन झाला नाही. पण हिशेबाच्या दृष्टीने सांगते, कॅसिनो हा त्या मोठ्या संकुलाचा एक भाग आहे, बाकी हॉटेल, सभागृहं, दुकानं. कंपन्यांची अधिवेशनं भरतात, त्या लोकांची बिलं कंपनी भरते. आमच्यासारखे घरचे डबे मोजणारे तिथे मुख्य गिऱ्हाईक नाहीतच.

आणि हे आकड्यांतही दिसतं. २०१९ मध्ये सिंगापूरला १ कोटी ९१ लाख परदेशी पाहुणे आले, त्यांनी २७.७ अब्ज डॉलर खर्च केले. २०२४ मध्ये पाहुणे १ कोटी ६५ लाख, आणि खर्च २९.८ अब्ज, तोवरचा उच्चांक. डोकी कमी, गल्ला जास्त. महागाई त्यात आलीच, जीएसटीसुद्धा ७ वरून ९ टक्क्यांवर गेला. (हो, तिथेही त्याला जीएसटीच म्हणतात. पिच्छा सोडत नाही.) पण माणूस का येतो, हे ते ठरवून घडवतात. मार्च २०२४ मध्ये टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेचे सहा कार्यक्रम झाले, आग्नेय आशियात फक्त तिथे. सरकारने त्यासाठी अनुदान दिलं होतं, शेजारचे देश चांगलेच चिडले. माझी भाची दोन रात्रींसाठी विमानाने गेली होती. मर्लायन तिने पाहिलाही नाही. तीन दिवसांत तिने जे उडवलं, ते आमच्या तिघांच्या ‘इतर’पेक्षा जास्त होतं.

आता माझी स्वतःची फजिती. नाव घेत नाही, एका मोठ्या दुकानात मी मुलीसाठी एक पर्स घेतली, ८४ डॉलर. काउंटरवरची मुलगी फार गोड. म्हणाली, ‘आंटी, शंभरच्या वर बिल झालं तर विमानतळावर टॅक्स परत मिळतो.’ नियम खराच आहे. परदेशी पाहुण्याने या योजनेतल्या दुकानात शंभर डॉलरची खरेदी केली, पासपोर्ट दाखवला आणि माल देशाबाहेर नेला, तर जीएसटी परत मिळतो, त्यातून सेवाशुल्क कापून. एकाच दुकानातली त्याच दिवसाची तीन बिलंसुद्धा जोडता येतात. हॉटेल, जेवण, तिकिटं यांना लागू नाही, ते तुम्ही तिथेच वापरून टाकलेलं असतं.

शंभरला सोळा कमी. मी पंचवीस डॉलरचं एक पाकीट उचललं, यांचं जुनं फाटलंच होतं. बिल १०९. त्यात जीएसटी बरोबर ९. मनात म्हटलं, वा, नऊ डॉलर सुटले. मग यांनी क्रेडिट कार्ड पुढे केलं. मशीनवर दोन आकडे आले: १०९ डॉलर, किंवा ७,३५० रुपये. मुलीने मशीन आमच्याकडे फिरवलं. हे म्हणाले, ‘रुपयात दिसतंय ते बरं, कळतं तरी,’ आणि रुपयावर बोट ठेवलं. मी ओरडेपर्यंत पावती बाहेर आली होती.

त्या दिवसाच्या दराने १०९ डॉलरचे ७,०३० रुपये होतात. रुपयात पैसे घेण्याच्या सोयीपोटी ३२० रुपये वर गेले. घरी आल्यावर विवरणपत्र आलं, त्यात परदेशात रुपयात व्यवहार केल्याबद्दल आमच्या बँकेचं १ टक्का शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, आणखी ८७. एकूण ४०७ रुपये. विमानतळावर परतावा मिळाला ६ डॉलर ३० सेंट, म्हणजे ४०६. एक रुपयाचा तोटा, आणि नको असलेलं पंचवीस डॉलरचं पाकीट. कॅशिअरच्या खिडकीत मी बसले होते तेव्हा कोणी मला असं गंडवलं नव्हतं, आणि इथे तर कोणी गंडवलंही नाही! सगळं पाटीवर लिहिलेलं होतं. परदेशात मशीनने विचारलं तर नेहमी तिथलंच चलन निवडा. यांनाही हे आता पाठ आहे.

सेंतोसावर एक दिवस गेला, अर्धा पुरला असता. नाव छान आहे, मलय भाषेत शांती-समाधान, मूळ आपलाच ‘संतोष’. पूर्वी त्या बेटाचं नाव मरणाशी जोडलेलं होतं, बदललं नसतं तर कोण पोरं घेऊन गेलं असतं? मोनोरेलने जायला माणशी ४ डॉलर, परत येताना काही नाही. चालत जायला लाकडी पूल आहे, त्याला पैसे पडत नाहीत. बेटावरच्या बस फुकट. बाकी मजेचं प्रत्येक यंत्र वेगळ्या तिकिटाचं, आणि आईंना त्यात रस शून्य. नाइट सफारी मात्र ३१२ मधले सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे. १९९४ पासून आहे, अंधारात ट्रामने फिरवतात, आईंना चालावं लागलं नाही. ट्राममध्ये कोणी काही विकायला येत नाही, हेही विशेष.

मेट्रो आणि बसला आमचं साधं बँकेचं कार्डच टेकवून चाललं. परदेशी कार्डाला दिवसाला ६० सेंट जादा पडतात, पण रांग नाही, सुट्टे नाहीत. लिफ्ट प्रत्येक स्टेशनात. स्वच्छतागृहाबद्दल शिक्षिकाबाई शब्दाला जागल्या. विमानतळावर तर बाहेर पडताना पडद्यावर चेहरे असतात, हसरा ते रडका, कसं वाटलं ते दाबा. आईंनी चारही वेळा हसरा दाबला आणि पाचव्यांदा उगाचच.

पुन्हा जाईन का? आईंना घेऊन, हो. एकटी किंवा तरुण वयात असते तर कदाचित नाही. तिथे चुकण्याची सोय नाही, आणि चुकल्याशिवाय मला गाव कळत नाही. लिटल इंडियाच्या मागच्या गल्लीत एका फुलवाल्याकडे आम्ही दहा मिनिटं रेंगाळलो, तो मोगऱ्याचा गजरा ओवत होता, तेवढंच एक न आखलेलं. गजरा दोन डॉलर. ‘इतर’.

निघताना इमिग्रेशन ओलांडल्यावर यंत्रावर पासपोर्ट ठेवून परताव्याची नोंद केली. कार्डावर घ्या म्हणत होतं, पण मला नोटा हातात हव्या होत्या. आतल्या काउंटरवर दोन डॉलरच्या तीन नोटा आणि तीस सेंट मोजून मिळाले. मागे वळले तर चारी बाजूंनी दुकानं, चॉकलेटं, अत्तरं. परताव्याची रोकड द्यायची जागा बरोबर तिथे, जिथून आता ती दुसरीकडे कुठे खर्चच करता येणार नाही. मी हसले. आईंनी विचारलं, ‘काय झालं?’ म्हटलं, ‘काही नाही, चहा घेऊ या का?’

वहीतली शेवटची नोंद: चहा, विमानतळ, ५.६०. शिल्लक ७० सेंट.

ती नाणी आईंनी देवघरातल्या डबीत ठेवली आहेत. पुढच्या वेळी लागतील म्हणतात.